सही कोणाची होती?

२०१५च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या आमच्या घरी पेढे वाटले होते. बायकोचं वर्क परमिट आलं होतं. माझ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे तिला मिळालेल्या एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर चार वर्षं घरी बसलेली इंजिनिअर ती, ते कार्ड दिवसभर हातातून खाली ठेवेना. एच-४वाल्यांना काम करू देणारा हा नियम अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने नव्हे, ओबामा सरकारच्या खात्याने केला होता. नोकऱ्या गेलेले काही अमेरिकन कोर्टात गेले: हा अधिकार सरकारला दिला कुणी? मी तावातावाने म्हणायचो, काँग्रेस ढिम्म हलत नसेल तर राष्ट्राध्यक्षाने काय हातावर हात ठेवून बसायचं?

सप्टेंबर २०२५मध्ये ट्रम्प यांनी घोषणापत्र काढून नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर लावले. तेव्हा मीच ग्रुपवर लिहिलं, एका माणसाच्या सहीवर देश चालतो का? राज्यघटना आहे की नाही?

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. एच-४चा नियम आधी मसुदा काढून, लोकांच्या हरकती मागवून झाला होता. पण हा फरक मी नंतर शोधला. आधी फक्त सही कोणाची ते पाहिलं, आणि याची मला मनापासून लाज वाटते.

दोन्ही पक्षांत हेच चाललंय. काँग्रेसने पैसे नाकारल्यावर २०१९मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी जाहीर केली, तेव्हा डेमोक्रॅट खवळले. पुढे बायडन यांनी आणीबाणीच्याच आधारावर सुमारे ४०० अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जं माफ करायला घेतली, तेव्हा त्यांनीच टाळ्या वाजवल्या. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना ६-३ने रद्द केली. रद्द करणारे सहाही न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले, विरोधातले तिघेही डेमोक्रॅट अध्यक्षांनी.

म्हणून मला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे जुने न्यायाधीश रॉबर्ट जॅक्सन फार मोठा माणूस वाटतो. १९४१मध्ये रूझवेल्ट यांनी विमानांचा कारखाना ताब्यात घेतला, तेव्हा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी म्हणून त्याचं समर्थन यांनीच केलं होतं. १९५२मध्ये ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले आणि ते जुनं उदाहरण न्यायमूर्ती जॅक्सन यांच्यासमोर आलं. त्यांनी निकालाच्या तळटीपेत स्वच्छ लिहिलं की तेव्हाची आपली पक्षीय वकिली आज न्यायाधीश म्हणून आपल्याला बांधू शकत नाही. नऊही न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले, तरी निकाल ६-३ने ट्रुमन यांच्या विरोधात!

परवा जेवताना बायकोने विचारलं, "उद्या यांनी एच-४चा नियमच काढून टाकला तर?" मी म्हटलं, रीतसर मसुदा काढून, हरकती ऐकून काढला, तर तो अधिकार मला मान्य करावा लागेल.

ती काही बोलली नाही. तिच्या कार्डाची मुदत मार्चमध्ये संपतेय.