सुखोईवर थेट भरती? खुलासा

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपात एक मेसेज फिरायलाय, दहावी पास लेकरांनी 6 महिन्याचा एव्हिऑनिक्स (विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स) कोर्स करा, दीड लाख भरा, परीक्षा नाही, थेट सुखोईवर टेक्निशियन. आमच्या भाच्यानंबी पाठवला, वर "मामा, करू का?"

नको रे बाबा. हवाईदलात असं दार नाहीच. सध्या शिपाई पातळीवर जायची मुख्य वाट अग्निवीरवायू (हवाईदलातली अग्निवीर भरती), म्हणजे बारावी गणित-फिजिक्स-इंग्रजी घेऊन 50 टक्के, किंवा 3 वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा (सायन्स नसलेल्यांनाबी वेगळा पेपर आहे), मग ऑनलाइन परीक्षा, पळणं, मेडिकल. अलीकडच्या भरतीत फी होती 550 रुपये अधिक जीएसटी, दीड लाख नव्हे! आणि काम कुठलं मिळणार ते हवाईदल ठरवतं, कोर्सवाला नाही. दुसरं म्हणजे अग्निवीर 4 वर्षांसाठी, पुढं जास्तीत जास्त 25 टक्के कायम, हे मेसेजवाला सांगतच नाही.

सहा महिन्यात विमानाला हात लावू देतील म्हणणाऱ्याला काम तरी माहितीय का? रडार, रेडिओ, नेव्हिगेशनचे डबे काढायचे, टेस्टला लावायचे, परत बसवून वायरिंग तपासायचं. काम संपलं की पेटीतलं एकेक स्क्रू-ड्रायव्हर मोजतात, एक जरी कमी भरलं तरी ते सापडेपर्यंत विमान उडत नाही, कारण कॉकपिटात राहिलेला पाना कंट्रोलमधी अडकू शकतो.

इंजिनिअरिंग डिग्रीवाल्यांसाठी एएफकॅट (हवाईदलाची ऑफिसर भरतीची परीक्षा) मधून टेक्निकल ब्रँच आहे, पण ती ऑफिसरची वाट. भाच्याला म्हणलं, आधी बारावीचं फिजिक्स काढ.