म्हणे सुप्रीम कोर्टाचा मोठा निर्णय!

‘भाडेकरू होणार घराचा मालक! सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निर्णय, लगेच वाचा.’ आली परत. दर काही महिन्यांनी उगवते मेली, आज सकाळी दात घासायच्या आत घरच्या ग्रुपवर तिघाचौघांनी टाकली. उघडली. खटला कोणता? पत्ता नाही. न्यायमूर्ती कोण? पत्ता नाही. तारीख? तीही नाही. वर जाहिरात, खाली जाहिरात, मध्ये ‘पुढे वाचा’, आणि पुढे तेच वाक्य उलटंपालटं करून. शेवटी हळूच ‘असे जाणकारांचे मत आहे’. कोण हे जाणकार? समोर आणा एकदा!

ही बातमी ज्याच्या जिवावर फिरते तो सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल प्रतिकूल ताब्याचा आहे हो. मालकाच्या मर्जीविरुद्ध, उघडपणे, 12 वर्षं सलग बसलेल्या माणसाबद्दलचा. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, भाडं देतो. त्याचा काय संबंध? पण काकांचा फोन आलाच. ‘‘आपल्या भाडेकरू पोराला उद्याच खोली सोडायला सांगू का?’’ काका, त्याला येऊन वर्षसुद्धा झालं नाही! बरं, करार नोंदवलाय का? ‘‘11 महिन्यांच्या कराराला कुठे नोंदणी लागते!’’ लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. जबाबदारी मालकाची, आणि चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. त्यावर काका म्हणाले, ‘‘ते सगळं कागदावर रे.’’ म्हणजे न झालेल्या निकालाने यांची झोप उडते आणि पंचवीस वर्षं लागू असलेला कायदा कागदावर!

आणि कोर्टाच्या बातम्यांच्या मथळ्यातला तो ‘दणका’. नोटीस काढली की दणका, पुढची तारीख दिली की दणका, न्यायमूर्तींनी सुनावणीत एक प्रश्न विचारला की ‘सरकारला झापलं’. अहो, प्रश्न विचारायलाच बसलेत ते तिथे! लेखी आदेशात त्यातलं अवाक्षरही नसतं बऱ्याचदा. 2022 पासून सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचं, म्हणजे घटनेचे मोठे प्रश्न ऐकणाऱ्या पीठाचं, कामकाज घरबसल्या दिसायला लागलं, तर लोकांनी त्याचे रील केले, मागे ढोलताशा लावून.

वडिलोपार्जित मालमत्तेतल्या मुलींच्या वाट्याचं तर विचारूच नका. महाराष्ट्राने 1994 मध्ये कायदा बदलला, केंद्राने 2005 मध्ये, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने उरलासुरला घोळही संपवला. तरी ‘आता मुलींनाही मिळणार हक्क’ सुरूच. आता? आणि ही बातमी हौसेने पुढे ढकलणाऱ्या भावांनीच बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतलेली असते.

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. परिच्छेद पाडून, कलमांसकट. काकूंनी अंगठा दिला, कोणीतरी सूर्योदयाचा फोटो टाकला, आणि चुलतभावाने विचारलं, ‘‘दादा, पण हे लागू कधीपासून?’’ बीपीची गोळी राहिली होती, ती घेतली. वकील नाही मी कोणी. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी निकालांच्या पीडीएफ उतरवतो आणि विसाव्या पानावर घोरतो.

कामाची बातमी असते ती आतल्या पानावर कोपऱ्यात. नोव्हेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्या, माणसाला समजेल अशा भाषेत द्या, तेव्हाच्या तेव्हा जमलं नाही तर निदान रिमांडला उभं करायच्या दोन तास आधी द्या. कुठल्याही गुन्ह्यात. प्रकरणही आपल्या महाराष्ट्रातलंच. कोणी टाकलं ग्रुपवर? छे! त्यात ना दणका, ना झापणं.

आणि जाता जाता, तो हातोडा! आपल्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत हो. कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात डोकावून बघा, टेबलावर फायलींचे ढीग दिसतील. तरी प्रत्येक बातमीवर लाकडी हातोडा, शेजारी डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता. सुप्रीम कोर्टाच्या ग्रंथालयातल्या नव्या मूर्तीला पट्टी नाही, हातात तलवारीऐवजी संविधान आहे, हे बातमीवाल्यांनो, 2024 मध्ये तुम्हीच छापलं होतं ना? मग निदान फोटो तरी बदला!