ताळेबंद भिंतीवर, पाणी बोअरात

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाण्याचा ताळेबंद रंगवलाय. निळा ऑइलपेंट. पडलेला पाऊस, अडवलेलं पाणी, पिकांची गरज, माणसांची, जनावरांची. सगळ्यात खाली लाल अक्षरांत तूट. मागच्या वर्षी त्याच भिंतीला टेकून आमचे अण्णा (माझे चुलते) बोअरच्या गाडीवाल्याशी फुटाचा भाव ठरवत होते. गाडी तमिळनाडूची.

म्हटलं, "अण्णा, मागं बघा की. गावाला तूट आहे."

"गावाला असंल. मला विचारून काढलीय का?"

बरोबर होतं त्यांचं. बाहेरून दोघं आले, दोन तासांत तक्ता भरला, चहा घेऊन गेले. गुणाकार चुकला नव्हता. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. १,००० हेक्टर शिवारात ४०० मिलिमीटर पडला की ४०० कोटी लिटर. पण त्यातलं मुरतं किती, हे खालचा खडक ठरवतो. काळा पाषाण पाणी घेत नाही, मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र खडक) लागला तर पाझर फुटतो. कुणाच्या विहिरीला कितव्या परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) काय लागलं, हे आमच्याकडच्या विहिरी खोदणाऱ्यांना तोंडपाठ आहे. त्यांना कुणी बोलावलंच नाही.

विद्यापीठांत याला आता 'ट्रान्सडिसिप्लिनरी सस्टेनेबिलिटी सायन्स' म्हणतात. म्हणताना दात हलतात, पण मुद्दा खरा आहे. भूगर्भवाले, शेतीवाले आणि अर्थशास्त्रवाले एका टेबलाशी बसले म्हणून भागत नाही. ज्याची विहीर आटते, तो प्रश्न मांडतानाच तिथं हवा. तक्ता तयार झाल्यावर सहीपुरता नको.

विलासराव साळुंखे हे पन्नास वर्षांपूर्वी करून बसले. पुण्यातले इंजिनिअर-कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन कसायला घेतली. त्यातून उभी राहिली पाणी पंचायत. बांधबंदिस्ती बाकीच्यांनीही केली, यांचं वेगळेपण वाटपात. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणशी. डोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. आणि ऊस नाही! असा नियम कुठल्याही एका शास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही. तो भांडत, बैठका घेत तयार होतो.

हिवरे बाजारचंही तेच. सहलीच्या बसेस जातात, लोक चरांचे फोटो काढून आणतात. पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, पाऊस कमी पडला की ग्रामसभेत रब्बीची पिकं बदलतात. हे मात्र कुणी घरी आणत नाही. चर खोदायला जेसीबी मिळतो, बोअर बंद करायला शेजाऱ्याशी बोलावं लागतं.

कायद्याचं म्हणाल तर राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची विहीर 'खोल विहीर' ठरते. म्हणजे साधारण २०० फूट. अण्णांची बोअर ३८० ला थांबली. दोन इंच पाणी लागलं, पेढे वाटले. मे महिन्यात शेजारच्या तात्यांच्या विहिरीत मोटार उघडी पडली. दोघं आता बोलत नाहीत.

दिवाळीनंतर मी दोघांना आणि एका जुन्या विहीरवाल्याला घेऊन शिवारात निघणार आहे. प्रत्येक विहिरीत दोरी टाकायची, पातळी वहीत लिहायची. अण्णा "बघू" म्हणालेत. रंगाचा डबा शेवटी आणू.