दाजी, केटलिन क्लार्कचं उदाहरण असं देऊ नका

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. आमच्या सीडर रॅपिड्सपासून आयोवा सिटी पाऊण तासाच्या आतलं अंतर. तिथल्या आयोवा विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या आणि त्यातून खेळून गाजलेल्या केटलिन क्लार्कच्या गोष्टी मी सांगलीला ताईच्या घरी फोनवर इतक्यांदा सांगितल्या, की आता त्या माझ्याच अंगावर आल्यात. भाचीची दहावी झाली. ती जिल्ह्याच्या संघातून खेळते. अकरावीला पुण्याला पाठवायचं की सांगलीतच ठेवायचं, यावर घरात दोन महिने वाद चाललाय. परवा दाजी म्हणाले, "तुझी ती क्लार्क घरीच राहिली आणि जगात नाव झालं. मग आमच्या पोरीनं गाव का सोडायचं?"

दाजींचा मान राखून सांगतो, ही गोष्ट अर्धीच झाली.

क्लार्क आयोवातल्याच वेस्ट डे मॉईनची, म्हणजे आयोवा सिटीपासून दोनेक तासांवरची. 2019 च्या शेवटी तिनं आयोवा विद्यापीठ निवडलं, तेव्हा तिच्यासमोर नोत्र दामचाही पर्याय होता. त्या विद्यापीठानं 2018 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं आणि 2019 मध्येही अंतिम सामना खेळला होता. आयोवा मात्र 1993 नंतर शेवटच्या चार संघांतही पोचलं नव्हतं. पुढे 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं ते अंतिम फेरीत गेलं. 2023 च्या उपांत्य सामन्यात तोवर एकही सामना न हरलेल्या साउथ कॅरोलायनाला त्यांनी 77-73 असं हरवलं, त्यातले 41 गुण क्लार्कचे. चार वर्षांत तिनं एकूण 3,951 गुण केले. दाजींना हे सगळं पाठ आहे, कारण मीच सांगितलंय.

पण ती आली तेव्हा घर रिकामं नव्हतं, हे मी कधी नीट सांगितलं नाही. प्रशिक्षक लिसा ब्लूडर 2000 सालापासून तिथं होत्या. 2019 मध्ये मेगन गुस्टाफसन या खेळाडूच्या जोरावर संघ शेवटच्या आठांत गेला होता. क्लार्कबरोबर मोनिका झिनानो, केट मार्टिन, मकेना वॉर्नॉक, गॅबी मार्शल अशा चौघी होत्या. त्या आयोवाच्या नव्हेत, दुसऱ्या राज्यांतून आलेल्या. बास्केटखाली झिनानो नेमकी कुठं उभी असेल हे क्लार्कला न बघता कळायचं, कारण त्या पाचजणी तीन हंगाम एकत्र खेळल्या. तिच्या लांबलांब पासचं आपण कौतुक करतो, पण तो पास झेलणारी आणि पुढे बास्केट करणारी कुणीतरी तिथं होती.

आणि प्रेक्षक. आयोवाच्या खेड्यापाड्यांत मुली सहा-सहाच्या संघांनी बास्केटबॉल खेळायच्या. तीन जणी एका अर्ध्या मैदानात, तीन जणी दुसऱ्या, मधली रेघ ओलांडायची नाही. हा प्रकार 1993 पर्यंत चालला. आमच्या शेजारच्या आजी तो खेळलेल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये किनिक या फुटबॉलच्या मैदानावर उघड्यावर सामना ठेवला, तेव्हा त्या गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन आमच्या शेजारी बसल्या होत्या. वारा असा बोचरा की हातातली कॉफी दोन घोटांत गार. त्या दिवशी 55,646 माणसं आली, तीही नुसत्या सरावाच्या सामन्याला. पुढच्या रांगेतल्या पाचसहा वर्षांच्या पोरीनं जाड कोटावरून क्लार्कची 22 नंबरची जर्सी चढवली होती. आजी तिच्याकडे बघत मला म्हणाल्या, आमच्या वेळीही अख्खं गाव यायचं. क्लार्कनं हे प्रेम आणखी वाढवलं, पण त्याची मुळं तिच्या जन्माआधीची.

एवढं सगळं असूनही विजेतेपद आलं नाही. 2023 ला लुइझियाना स्टेटकडून 102-85 आणि 2024 ला साउथ कॅरोलायनाकडून 87-75 अशी हार झाली. 2022 ला तर दुसऱ्याच फेरीत, स्वतःच्या मैदानावर, क्रेटनकडून 64-62 नं हरले. शेवटच्या काही सेकंदांत तो निर्णायक तीन गुणांचा फटका मारला लॉरेन जेन्सननं. ती आदल्या वर्षी आयोवातच होती; तिथून निघून क्रेटनला गेली आणि तिथं फुलली. एकाच घरातून एक राहिली म्हणून मोठी झाली, दुसरी गेली म्हणून. क्लार्कच्याच वयाची पेज ब्यूकर्स मिनेसोटा सोडून कनेटिकटला गेली. त्या विद्यापीठाकडं आधीच अकरा विजेतेपदं होती. 2025 ला तिनं बारावं मिळवून दिलं.

म्हणून जिल्ह्याचा अभिमान पोरीच्या खांद्यावर टाकण्याआधी जिल्ह्यानं तिला काय दिलं ते बघूया. भाचीचं मैदान मी गेल्या डिसेंबरात पाहिलं. सिमेंटचं, एका रिंगला जाळी नाही, सहाला अंधार पडला की सराव बंद. लग्नसराईत तिथं मांडव पडतो. तिच्या उंचीची दुसरी मुलगी संघात नाही, त्यामुळे तिला अंगावर घेऊन खेळणारं कुणी नाही. प्रशिक्षक सर मनापासून शिकवतात, पण नोकरी सांभाळून, आठवड्यातून तीन दिवस. राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नेमबाजीसाठी घर सोडून नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2024 ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्यानं गाव सोडलं म्हणून कोल्हापूरकरांचा अभिमान तसूभरही कमी झाला नाही.

पुण्याचं नाव मोठं आहे म्हणून तिथं जा, असंही मी म्हणत नाही. मोठ्या संघात जाऊन दोन वर्षं बाकावर बसायचं असेल तर सांगली बरी. क्लार्कला पहिल्या दिवसापासून चेंडू हातात मिळाला, हे तिच्या निवडीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. भाचीला मी हेच विचारायला सांगितलंय: तिथल्या संघात तिच्या जागेवर आज कोण खेळतं, सराव रोज किती तास, मुलींना मैदान कधी मिळतं, पहिल्या वर्षी सामन्यात उतरवणार का. ताई शनिवारी तिला घेऊन पुण्याला जातेय. दाजींनी सुट्टी काढून बरोबर जावं आणि सराव चालू असताना तासभर कडेला उभं राहून बघावं, एवढी विनंती मी त्यांना काल रात्री केली आहे.