रीमा लागूंबद्दलच्या फॉरवर्डचा पंचनामा

मे महिन्यात आंब्याच्या भावाइतकीच एक गोष्ट ग्रुपवर न चुकता येते. १८ मे, रीमा लागूंचा स्मृतिदिन. फोटो बहुधा 'मैंने प्यार किया'मधला आणि मजकूर थोड्याफार फरकाने तोच. रीमा लागू म्हणजे बॉलिवूडची आई. डॉक्टर श्रीराम लागूंच्या घरातली. बँकेत साधी नोकरी करणारी ही बाई राजश्रीवाल्यांच्या नजरेस पडली आणि रातोरात पडद्यावर आली. जन्मभर एकच भूमिका केली, सोशिक आईची, आणि तीही स्वतःपेक्षा वयाने मोठ्या हिरोंची. त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. शेवटी मात्र काम मिळेनासं झालं, लोक विसरले. खाली हात जोडलेले, एक गुलाब, आणि 'खऱ्या रसिकांनी पुढे पाठवा'.

मीही काही वर्षं त्याखाली मुकाट हात जोडत आले. यंदा भाचीने विचारलं, "आत्या, ह्या नाटकात पण होत्या का गं?" नाटकात 'पण'! त्या एका शब्दाने डोकं फिरलं. म्हणून हे उत्तर.

आडनावाचं सोपं आहे, ते आधी उरकते. रीमा लागू डॉक्टरांची मुलगीही नव्हत्या आणि सूनही नव्हत्या. माहेरच्या त्या नयन भडभडे. अभिनेते विवेक लागूंशी लग्न झालं आणि नयन भडभडेच्या रीमा लागू झाल्या. गोंधळाला एक जागा आहे म्हणा: जब्बार पटेलांच्या १९७९च्या 'सिंहासन'मध्ये त्या खरोखरच डॉक्टरांच्या सूनबाई आहेत, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडेंच्या. पण तेवढ्यावर घराणी जोडायला लागलो तर निम्मी मराठी रंगभूमी एकमेकांची सोयरी निघेल.

आता 'राजश्रीने शोधली' हे. यात दोन चुका आहेत आणि दुसरी जास्त चिडवणारी आहे.

पहिली तारखांची. राजश्रीचा, म्हणजे बडजात्यांच्या चित्रपटसंस्थेचा, 'मैंने प्यार किया' लागला डिसेंबर १९८९च्या अखेरीस. त्याआधी 'कयामत से कयामत तक' येऊन गेला होता, एप्रिल १९८८मध्ये, आणि त्यात जुही चावलाची आई रीमा लागूच आहेत. म्हणजे हिंदीतली 'आई'सुद्धा बडजात्यांच्या आधीची. त्याच्याही मागे जा. गोविंद निहलानींचा 'आक्रोश' १९८०चा. तिथे त्या नाचणारी बाई आहेत, देवघरासमोर निरांजन घेऊन उभी राहणारी कुणी नव्हे. श्याम बेनेगलांचा 'कलयुग' १९८१चा. दूरदर्शनवरची 'खानदान' १९८५ची. सूरज बडजात्यांचा तर 'मैंने प्यार किया' हा पहिलाच चित्रपट, तेव्हा ते पंचविशीत होते. दहा वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेल्या बाईला या मुलाने 'शोधलं' म्हणायचं, तर मग मुंबईतला समुद्रही कुणीतरी शोधून काढलाय असं म्हणू.

दुसरी चूक बँकेची. युनियन बँकेत त्या नोकरीला होत्या हे खरं आहे. पण फॉरवर्डमध्ये ते असं येतं की बिचारी काउंटरवर बसली होती आणि नशीब उघडलं. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकातली मराठी रंगभूमी जवळून पाहिली त्यांना हे वाचून हसू येईल. तेव्हा नाटकावर घर चालत नसे. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवारी प्रयोग, हीच पद्धत होती. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. दिलीप प्रभावळकर भाभा अणुसंशोधन केंद्रात. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, आणि खुद्द श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. बँकांच्या आपसातल्या नाट्यस्पर्धा होत आणि त्या भलत्याच चुरशीच्या असत. बँक ही त्या काळी नटांची मुक्कामाची जागा होती. तिथून कुणी त्यांना उचलून आणायची गरज नव्हती, ते आधीच रंगमंचावर होते.

रीमा लागूंच्या तर घरातच नाटक. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, 'लेकुरे उदंड जाली'साठी लोकांच्या लक्षात असलेल्या. नयन पुण्यात हुजूरपागेत शिकली आणि शाळेत असतानाच तिचा अभिनय लोकांच्या नजरेत भरला. बालकलाकार म्हणून चित्रपटांतही ती लहानपणीच चमकून गेली होती. 'रातोरात' या शब्दात ही सगळी वर्षं कुठे बसवायची ते लिहिणाऱ्याने सांगावं.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी भाचीने मला उठवून बसवलं. 'जन्मभर एकच भूमिका, सोशिक आईची.'

जयवंत दळवींचं 'पुरुष' घ्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं नाटक, दिग्दर्शन विजया मेहतांचं. गांधीवादी शिक्षकाची मुलगी अंबिका. राजकारणातला वजनदार माणूस गुलाबराव तिच्यावर बलात्कार करतो. ती गप्प बसत नाही, कोर्टात जाते आणि हरते. दलितांच्या चळवळीत असलेला तिचा मित्र, तिचे तत्त्वनिष्ठ वडील, सगळ्यांच्या आधाराला कुठे ना कुठे तडा गेलेला तिला दिसतो. शेवटी ती गुलाबरावाला अशी शिक्षा करते की तो 'पुरुष' उरत नाही. अंबिका म्हणजे रीमा लागू, गुलाबराव म्हणजे नाना पाटेकर.

नाटकाचं नाव निघालं की लोक आधी नानांबद्दल बोलतात. बोलावंच, काम तसं होतं. पण ते नाटक तोलून धरायला समोर तेवढ्याच ताकदीची अंबिका लागते. पहिल्या अंकातली घरातली हसरी पोर आणि शेवटी थंड डोक्याने त्याच्याकडे जाणारी बाई, हा सगळा प्रवास प्रेक्षकाला एका संध्याकाळी पटवायचा. तो जरा जरी कमी पटला तर शेवट भडक आणि खोटा वाटतो. माझी मावशी तो प्रयोग बघून आली तेव्हा वाटेत नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर काय झालं विचारलं तर म्हणाली, "त्या मुलीने बरोबर केलं." आमच्या घरात मावशीच्या तोंडून असलं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

मग १९८५चं 'सविता दामोदर परांजपे', शेखर ताम्हाणे यांचं. चारचौघांसारखं मध्यमवर्गीय घर, बायकोचं आजारपण, औषधांनी काही उतार नाही, आणि हळूहळू त्या बाईच्या तोंडून दुसरीच एक बाई बोलू लागते. नवऱ्यावर जीव लावून गेलेली, मेलेली बाई. एका देहात दोघी, त्याही रंगमंचावर, जिथे क्लोजअप नाही आणि दुसरा टेक नाही. सिनेमात असल्या जागा आवाजाच्या करामतीने आणि दिव्यांनी भरून काढता येतात. इथे जे काय करायचं ते नटीने, स्वतःच्या गळ्याने, आठवड्यात जितके प्रयोग असतील तितक्या वेळा. २०१८मध्ये याच नाटकावरून मराठी चित्रपट आला, निर्माता जॉन अब्राहम. तो बघून ज्यांना हे कथानक कळलं त्यांनी मनात फक्त एवढं धरावं की तीस वर्षांपूर्वी हे कॅमेऱ्याशिवाय चालत होतं.

ही दोन नाटकं फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीतच नसावीत. असती तर 'सोशिक' हा शब्द त्याच्या बोटांतून उतरला नसता.

नाटक त्यांनी पुढेही सोडलं नाही. 'छापा काटा'मध्ये त्या मुक्ता बर्वेंच्या आई झाल्या. आईच, पण ग्रीटिंग कार्डावर छापावी अशी नव्हे. विक्रम गोखल्यांबरोबर 'के दिल अभी भरा नही' केलं, निवृत्तीनंतरच्या नवरा-बायकोचं. आई म्हणून नव्हे, बायको म्हणून. वयाच्या त्या टप्प्यावर हिंदी सिनेमा बाईला बायकोचं काम देतच नाही, रंगभूमी देते.

टीव्हीवर तर 'एकच भूमिका' हा दावा हास्यास्पद आहे. १९९४ हे एकच साल बघा. ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' आला. त्यात माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे दोघींच्या त्या आई. त्याच वर्षी 'श्रीमान श्रीमती' सुरू झाली. तिथे त्या कोकिळा कुलकर्णी, जिच्या मागे शेजारचा दिलरुबा लाळ घोटत असतो आणि जिचा नवरा केशव शेजारच्या प्रेमा शालिनीच्या नादात असतो. आणि त्याच वर्षी 'तू तू मैं मैं'. सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन, सुप्रिया सून आणि रीमा सासू. एका वर्षात विहीणबाई, शेजाऱ्याच्या स्वप्नातली बाई आणि भांडकुदळ सासू! वय तेव्हा छत्तीस. विनोदाचं टायमिंग रक्तात असल्याशिवाय एकाच वर्षात हे जमत नाही. आपल्याकडे रडवणाऱ्या नटीला मोठी म्हणतात, हसवणारीला 'छान काम करते' म्हणतात. 'तू तू मैं मैं' फॉरवर्डमधून गळते ती त्यामुळे, असं मला वाटतं.

बरं, हिंदी सिनेमातल्या आया तरी सोशिक होत्या का? काही होत्या, मान्य. 'मैंने प्यार किया'मधली कौशल्या गोड आहे आणि त्या गोडव्यात नवेपणही होता: शिवणयंत्रावर डोळे फोडणाऱ्या, खोकणाऱ्या आईच्या जागी मुलाशी मैत्रिणीसारखं बोलणारी, नीटनेटकी साडी नेसलेली तरुण आई. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण १९९९चा ऑक्टोबर आठवा. महेश मांजरेकरांचा 'वास्तव'. रघूची आई शांता. गळ्यातली ५० तोळ्यांची साखळी मिरवणाऱ्या रघूची नक्कल महाराष्ट्रात प्रत्येक गणेशोत्सवात कुणीतरी करतं, पण तो ज्या आईपुढे मिरवतो तिच्याकडे कुणी बघत नाही. ती त्याच्या कमाईला भुलत नाही आणि त्याला टाकतही नाही. आणि शेवटी पोराचे हाल बघवत नाहीत तेव्हा तीच त्याला गोळी घालते. लगेच पुढच्या महिन्यात 'हम साथ साथ हैं', ज्यात त्या ममता आहेत, मैत्रिणींच्या सांगण्यावरून सावत्र मुलाला घराबाहेर काढणारी, सरळ सरळ कैकेयी. एका महिन्याच्या अंतराने एक आई पोराला मारते आणि दुसरी वनवासाला धाडते. सोशिक म्हणे!

वयाचा मुद्दा अर्धवट खरा आहे, म्हणून जास्त फसवा. 'स्वतःपेक्षा मोठ्या हिरोंची आई' हे चूक. रीमा लागूंचा जन्म २१ जून १९५८चा. सलमान खान डिसेंबर १९६५चा, म्हणजे साडेसात वर्षांनी लहान. संजय दत्त २९ जुलै १९५९चा, तोही लहानच, जेमतेम तेरा महिन्यांनी. पण १९९१च्या 'साजन'मध्ये ३२ वर्षांचा संजय दत्त त्यांचा मानलेला मुलगा होता आणि त्या ३३च्या. 'वास्तव'च्या वेळी तो ४०चा नायक, त्या ४१च्या आई. आकडा फुगवून सांगायची गरजच काय? तेरा महिन्यांतच सगळं आलं. जुहीची आई झाल्या तेव्हा तर त्यांची तिशीही पुरी व्हायची होती.

फिल्मफेअरबद्दल एका ओळीत: सहाय्यक अभिनेत्रीसाठी नामांकनं चार वेळा झाली, 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव'साठी, आणि पुरस्कार एकदाही मिळाला नाही.

राहता राहिलं 'काम मिळेनासं झालं'. २०१३मध्ये गजेंद्र अहिरेंचा 'अनुमती' आणि झी मराठीवर 'तुझं माझं जमेना'. २०१५च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये जी कट्यार स्वतःची गोष्ट सांगते, तिचा आवाज त्यांचा. २०१६मध्ये 'जाऊं द्या ना बाळासाहेब'. आणि त्याच वर्षी सुरू झालेली हिंदी मालिका 'नामकरण', ज्यात त्या दयावंती मेहता होत्या: कारस्थानी, कडक, घरातल्यांनी टरकावं अशी आजी. १७ मे २०१७च्या संध्याकाळपर्यंत त्या याच मालिकेच्या शूटिंगवर होत्या. रात्री छातीत दुखू लागलं, १८च्या पहाटे गेल्या. ५९ पूर्ण व्हायला महिना राहिला होता.

हे सगळं मी भाचीला व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, अकरा मिनिटं झाली. मग थोडक्यात लिहून ग्रुपवरही टाकलं. पहिलं उत्तर आलं ते हात जोडलेल्या इमोजीचं. दुसरं आमच्या वहिनीचं: "ते नाटकाबिटकाचं राहू द्या वन्सं, पण 'तू तू मैं मैं'मध्ये चूक सुनेचीच असायची हं." त्यावर आता सासू विरुद्ध सून अशी जुंपली आहे आणि गुलाबाचा फोटो बराच वर गेला आहे.