‘कमांड सगळीकडे त्याच’ हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय: “टर्मिनल शिकायचं तर उबंटू घ्या. बीएसडी केव्हाच संपल्या. कमांड शेवटी सगळीकडे त्याच, बाकीचं बघायची गरज नाही.” उबंटू हा लिनक्सचा एक प्रकार; बीएसडी म्हणजे फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी अशा युनिक्सच्या वंशातल्या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम. सुरुवात उबंटूने करावी, हे मलाही पटतं. पुढचं दोन्ही चूक आहे, आणि कमांडबद्दलचं तर नुकसान करणारं आहे.

नावं सारखी असतात, वागणं नाही. सेड ही फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड घ्या. लिनक्सवर त्याला ‘आय’ (-i) पर्याय दिला की फाइल जागच्या जागी बदलते. तीच ओळ फ्रीबीएसडीवर चालवली, तर तुमची बदलाची सूचना त्याला बॅकअप फाइलच्या नावाला जोडायचा प्रत्यय वाटतो, फाइलचं नाव सूचना वाटतं, आणि एरर येते. तिथे ‘आय’नंतर रिकामं अवतरण द्यावं लागतं. मॅकवरही तसंच. ओपनबीएसडीवर मात्र लिनक्ससारखं चालतं, म्हणजे दोन बीएसडीसुद्धा आपसात जुळत नाहीत. कालची तारीख काढायला लिनक्सवर डेट कमांडला ‘डी’ (-d) लागतो, फ्रीबीएसडीवर ‘व्ही’ (-v). फाइलच्या नावानंतर पर्याय लिहायची सवय लिनक्सवर खपते. बीएसडीचं एलएस, म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी कमांड, त्या पर्यायालाच फाइल समजून शोधत बसतं.

बॅश या शेलचं, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचंही तेच. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीच्या मूळ संचात बॅश नसतं. वेगळं टाकलं तरी ते यूझर-लोकल (/usr/local) फोल्डरखाली जातं. पहिल्या ओळीत बिन (/bin) फोल्डरमधल्या बॅशचा पत्ता लिहिलेली स्क्रिप्ट तिथे सुरूच होत नाही. आणि उबंटूवर तरी एसएच, म्हणजे सिस्टीमचं ठरलेलं शेल, बॅश कुठे आहे? 2006 पासून तिथे डॅश हे दुसरं शेल आहे.

बीएसडी संपल्या म्हणणारा दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनेच जातो ना? त्यासाठी लागणारं ओपनएसएसएच 1999 मध्ये ओपनबीएसडीच्या लोकांनीच तयार केलं. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात.

रोजच्या लॅपटॉपसाठी मात्र लिनक्सचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. ओपनबीएसडीत 2014 पासून ब्लूटूथ नाही. तिच्या फाइलसिस्टीमला जर्नल, म्हणजे बदलांची आधी केलेली नोंद, नाही, त्यामुळे अचानक वीज गेली की पुढच्या वेळी सुरू होताना डिस्क तपासत बसते. खानापूरकडच्या गावांत हे चालण्यासारखं नाही. मराठी नावांची यादी सॉर्ट केली तर ओपनबीएसडी ती निव्वळ बाइटच्या क्रमाने लावते आणि ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये घालते. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीत मराठी आणि कन्नड दोन्ही लोकेल, म्हणजे भाषेनुसारचे नियम, आहेत, आणि आपल्याकडे याद्या दोन्ही भाषांत येतात.

मॅन पानं, म्हणजे कमांडची माहिती देणारी पानं, मात्र ओपनबीएसडीचीच वाचा. तिथे माहितीतली चूकही बग मानून दुरुस्त करतात, आणि नेट नसलं तरी पानं मशीनवर असतात. उबंटूवरच व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्रीबीएसडी टाका. नुसत्या टर्मिनलला एक जीबी मेमरी पुरते. तुमची स्क्रिप्ट आधी डॅशवर आणि मग तिथे चालवून बघा.