सामायिक ऊन

आमच्या सोसायटीच्या बोर्डावर सध्या एक नोटीस लागली आहे. "काही सभासद गच्चीवरील सामायिक उन्हाचा वैयक्तिक वापर करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी सात दिवसांत लेखी खुलासा करावा." त्याच कागदावर खाली, जागा उरली म्हणून, "जिन्यात सायकली लावू नयेत" असंही आहे. सायकली लावणारे पुष्कळ आहेत. उन्हाचा वैयक्तिक वापर करणारा मात्र चोवीस फ्लॅटांत मी एकटा. नाव घ्यायचं नाही आणि कुणाला कळल्यावाचून राहू द्यायचं नाही, ही आमच्या कोथरूडच्या कमिटीची जुनी हातोटी. परवा दूधवालासुद्धा विचारत होता, "ते उन्हाचं काय झालं हो साहेब?"

झालं होतं एवढंच की मी आयुष्य सोपं करायला घेतलं. पन्नाशी उलटली, घरात तीन मिक्सर (पैकी एक चालू), आणि विजेच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क. पंधरा दिवस कुलूप लावून गावाला जा, स्थिर आकार जागच्या जागी स्थिर. म्हटलं, एका खोलीपुरतं तरी या भानगडीतून बाहेर पडू. धाकट्या बेडरूमची तार मेन लाइनमधून सोडवायची, गच्चीवर एक सोलर पॅनल, खाली बॅटरी. दिवा, पंखा, लॅपटॉप, रेडिओ. बास. माणसाला आणखी लागतं काय?

पॅनल ५४० वॉटचं. साधारण साडेसात फूट बाय पावणेचार. पाण्याच्या टाकीच्या दक्षिणेला, कुणाच्या पायात येणार नाही असं, पुण्याच्या अक्षांशाला धरून अठरा अंशांत कललेलं. सेक्रेटरींना तोंडी विचारलं होतं. ते "ठेवा की" म्हणाले आणि नंतर आपण तसं म्हणाल्याचं विसरले.

त्या रविवारी वर गेलो तर तिसऱ्या मजल्यावरचे काका पॅनलशेजारी उकिडवे बसलेले. उभी हयात सरकारी ऑडिटमध्ये गेलेला माणूस. अंगात बनियन, खाली बर्म्युडा, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा आणि हातात स्टीलची टेप. टेपचं एक टोक त्यांनी चपलेखाली दाबून धरलं होतं आणि दुसरं फरशीवरून ओढत नेत होते.

"काका, काय मोजताय?"

"सावली."

"पॅनलचं माप खोक्यावर लिहिलंय की."

"पॅनल तुमचं आहे, त्याच्याशी मला कर्तव्य नाही. सावली सोसायटीच्या फरशीवर पडते." त्यांनी आकडा तळहातावर बॉलपेनने लिहिला. "सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. सरासरी काढावी लागेल. मेच्या मध्याला आणि जुलैअखेर सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा सावली शून्य होते. त्या दोन दिवसांची सूट देऊ."

"काका, उभ्या काठीची सावली शून्य होते. आडव्या पॅनलखाली तर तेव्हा भरपूर पडेल."

"हो का?" ते क्षणभर थांबले. "मग सूट रद्द."

इथे मी खाली निघून यायला हवं होतं असं घरात सगळ्यांचं मत पडलं. पण सुटीच्या दिवशी सकाळी सावलीचं भाडं ऐकून घेऊन गप्प खाली येणारा माणूस कुठे मिळतो, मला दाखवा.

"किती वीज होते यातून?" काकांनी विचारलं.

"कडक ऊन असलं तर दिवसाला चोवीसशे वॉट-तासांपर्यंत. म्हणजे जवळजवळ अडीच युनिट."

"चोवीसशे! आणि फ्लॅट चोवीस!" त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद नातवाच्या मुंजीतही पाहिला नव्हता. "बघा, हिशेब कसा आपणहून बसतो. फ्लॅटमागे शंभर वॉट-तास, युनिटचा दहावा हिस्सा. युनिटला दहा रुपये धरू. रोजचा एक रुपया."

"कसला?"

"माझ्या उन्हाचा."

"ऊन तुमचं आहे का काका?"

"गच्ची कोणाची?"

"सोसायटीची."

"मागच्या बंगल्यातला आंबा गच्चीवर पडला तर तो कोणाचा, हे जनरल बॉडीत ठरलंय. ठराव आहे. आंब्याला एक न्याय आणि उन्हाला दुसरा, असं कसं चालेल? तुमचा स्वतःचा रुपया तुम्हाला माफ. तेवीसच द्यायचे. बेकायदेशीर काही मागत नाही मी. पावसाळ्यात प्रत्यक्ष मीटर बघून घेऊ."

"एका रुपयासाठी एवढं?"

"रुपयाचा प्रश्नच नाही. तत्त्वाचा आहे."

तत्त्व आलं की पुण्यात माणसाने आवरतं घ्यावं. तरी मी माझा हुकमी पत्ता काढला. म्हटलं, दर एप्रिलमध्ये काकू अर्धी गच्ची अडवून कुरडया घालतात. ते कोणाचं ऊन? त्याचे किती रुपये झाले?

काका तयार होते. "कुरडईनं ऊन घेतलं, वाळली, विषय संपला. तुम्ही ते बॅटरीत भरून स्वतःच्या घरात नेता. साठेबाजी आहे ही."

"कुरडयाही डब्यात भरून वर्षभर ठेवताच की!"

काकांनी अंगठा उचलला. टेप सर्रकन आत गेली. "त्यातल्या दर वर्षी तुमच्याकडे येतात," ते म्हणाले. "वाटणी होते."

कपडे काढायला आलेली आमची ही तारेपाशी उभी होती. "येतात हो," ती म्हणाली, "मागच्या वर्षीच्या अजून संपल्या नाहीत." म्हणजे माझ्याच घरचा साक्षीदार फितूर. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिचं लक्ष चिमटे मोजण्यात.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरची कपड्यांची दोरी टाकीच्या बाजूला सरकली. पॅनलची एक खोड असते. त्याचे सेल एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एखाद्या कोपऱ्यावर सावली पडली तर तेवढाच कोपरा नाही, जवळजवळ तिसरा हिस्सा झोपतो. मोबाइलवर रोज अकराच्या सुमारास विजेचा आलेख खाली बसायचा आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून ओळखायचो: तिसऱ्या मजल्यावरची चादर वाळत पडली. डबलबेडची, जांभळी, मोरांची. मी चादरीविरुद्ध तक्रार करू शकत नव्हतो. कपडे वाळवण्याबाबत ठराव आहे, अनुकूल.

आता हे सगळं सोसून घरात काय सुख उतू जात होतं, तेही सांगतो. रात्री वीज हवी तर बॅटरी हवी. मी घेतल्या दोन, १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या, प्रत्येकी पन्नास किलोच्या वर. कागदावर दोन्ही मिळून साडेतीन युनिटच्या आसपास साठवतात, पण अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उपसली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे वापरायला पावणेदोन. घरातला दोन हजार वॉटचा गीझर तासाभरात ते फस्त करून आणखी मागेल. शिवाय कंट्रोलर, इन्व्हर्टर, जाड केबल, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि हे सगळं ठेवायला लोखंडी स्टँड. सामान कमी करायचं म्हणून मी ज्या खोलीतलं कपाट विकलं, त्या खोलीत आता उभं राहायला जागा नाही. ही दारातून आत बघते आणि विचारते, "अहो, सोपं कधी होणार आहे?"

एक मात्र झालं. गुरुवारी दुरुस्तीसाठी आमच्या भागातली वीज जाते. तसं म्हटलं तर गुरुवारी निम्मं पुणं ऑफ-ग्रिडच, म्हणजे विजेच्या जाळ्याबाहेरच, असतं, फक्त त्याला कौतुकाने तसं म्हणत नाहीत. तर त्या गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात काका. हातात मोबाइल आणि चार्जर.

"तुमच्या त्या खोलीत लावा जरा."

मी बघतच राहिलो.

"बघता काय? माझ्या वाट्याचे शंभर वॉट-तास आहेत. मोबाइलला पंधरा पुरे. पंच्याऐंशी शिल्लक राहतात, ते मांडून ठेवा." आणि सोफ्यावर बसून त्यांनी चहा घेतला. गॅसवर केलेला, त्याचा हिशेब निघाला नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी नोटीस. अक्षर सेक्रेटरींचं, पण 'निदर्शनास आले आहे' ही भाषा ऑडिटची.

हसून सोडून देता आलं असतं. पण खुलासा लिहायला बसलो आणि नियम वाचत गेलो तसतसं डोकं तापत गेलं. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली. घराच्या छपरावर १ किलोवॉट बसवा, ३० हजार अनुदान. २ किलोवॉटला ६० हजार. ३ किंवा त्यावर ७८ हजार. वाचून कुणालाही उत्साह येईल. पण छप्पर तर हवं! फ्लॅटवाल्याच्या डोक्यावर जे असतं ती वरच्याची फरशी. आमच्यासारख्यांना सोसायटीमार्फत जायचं, किलोवॉटमागे १८ हजार, तेही जिन्यातले दिवे, लिफ्ट, पंप अशा सामायिक कामासाठी. त्याला ठराव हवा, ठरावाला सभा, सभेला कोरम आणि कोरमला काका. शिवाय ही योजना ग्रिडला जोडलेल्यांसाठी. ग्रिड सोडतो म्हणणाऱ्याला दमडी नाही. म्हणजे ज्याचा बंगला आहे, गच्ची आहे, बिल भरायची ऐपत आहे, त्याची वीज जवळपास फुकट. आणि तिसऱ्याच्या चादरीखाली बसलेल्याने खुलासा करायचा. इमारतीवर सोलरचे बंब आहेत म्हणा. त्यांचं गरम पाणी वरच्या दोन मजल्यांना. आमच्या नळाला ते येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी सोडावं लागतं आणि तोवर सकाळची वेळ संपते. ते ऊन कोणाचं, हा मुद्दा आजवर कुणाच्याही निदर्शनास आलेला नाही.

साधेपणाचा विषय निघाला की अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरोची गोष्ट सगळे सांगतात. १८४५ साली तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांची झोपडी बांधली, खर्च २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. पण जमीन एमर्सनची होती, हे कुणी जोर देऊन सांगत नाही. साधं राहायचं तर मित्राची जमीन लागते! अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत चारशे चौरस फुटांच्या आतलं ते 'टायनी हाऊस'. आईला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "त्यात बिऱ्हाडं किती?" ती पेठेतल्या वाड्यात वाढलेली आहे. आणि विजेविना राहण्याचंच म्हणाल तर डॉ. हेमा साने बुधवार पेठेत आयुष्यभर तशा राहिल्या. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट, गरवारे कॉलेजात अध्यापन, पुस्तकं लिहिली, घरात वीज घेतली नाही. स्टँड नाही, आलेख नाही, ब्रोशर नाही.

ब्रोशर माझ्याकडे आहे. मुळशीच्या बाजूला डोंगरउतारावर कुणी तरी 'ऑफ-ग्रिड व्हिलेज' काढलं आहे. तीनशे ऐंशी चौरस फुटांचं लाकडी घर, सोलर, कंपोस्ट टॉयलेट, 'मुळांकडे परत'. शिवाय क्लबहाऊस, स्विमिंग पूल आणि मासिक मेन्टेनन्स. किमतीत कोथरूडला टू बीएचके येईल. याच मुळशीत मुंबईला वीज हवी म्हणून धरण झालं. १९२१ साली सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, तरी गावं पाण्याखाली गेलीच. विजेपायी ज्यांची जमीन बुडाली, त्यांच्या उरलेल्या डोंगरावर आता आम्ही विजेपासून सुटका करून घ्यायला प्लॉट बघणार. हे त्या फोनवरच्या मुलीला मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "हो सर, लेक व्ह्यू आहे."

काल तिचा पुन्हा फोन आला. "सर, या रविवारी साइट व्हिजिट ठेवू का? एसी गाडीने पिकअप आहे, जेवण आमच्याकडे."

रविवारी सोसायटीची सभा आहे. विषय क्रमांक सात, 'गच्चीवरील ऊन', बेसमेंटच्या गळतीनंतर. मी फोनवर हात ठेवून हिला विचारलं, काय सांगू?

"जेवणात काय आहे, ते विचारा आधी," ही म्हणाली. "आणि गाडीत जागा असेल तर काकांनाही घ्या. परस्पर प्लॉट मोजून होईल."